ऑनलाइन घेतलेल्या मशीनचं जीएसटी क्रेडिट मिळत नाही? बेळगाव सीमाभागात आधी हे तपासा

तक्रार जवळपास नेहमी याच शब्दांत येते : "बिल आहे, बिलात टॅक्स लागलाय, पैसे कधीच भरलेत, आणि अकाउंटंट म्हणतो क्रेडिट दिसत नाही." खडेबाजारातल्या दुकानदाराने बारकोड प्रिंटर मागवलेला असतो, उद्यमबागेतल्या वर्कशॉपवाल्याने कॉम्प्रेसर, निपाणीतल्या कुणी ऑफिससाठी लॅपटॉप. ५९,००० रुपयांच्या वस्तूत १८ टक्क्यांच्या हिशेबाने ९,००० रुपये कर असतो. खरेदीत भरलेला हा कर आपल्या विक्रीवरच्या करातून वळता करून घेण्याचा हक्क म्हणजे क्रेडिट. छोट्या धंद्यात एवढ्या रकमेतून कामगाराचा आठवडा निघतो. हक्काचे हे पैसे केवळ ऑर्डर देताना एक रकाना रिकामा राहिला म्हणून जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

क्रेडिट अडकण्याची कारणं मोजकीच आहेत आणि बहुतेक कारणं बिल हातात धरल्यावर लगेच कळतात. म्हणून जीएसटी पोर्टल उघडण्याआधी त्या ऑर्डरचं बिल डाउनलोड करा. खोक्यावर चिकटवलेली पावती किंवा 'ऑर्डर समरी' चालत नाही, 'टॅक्स इनव्हॉइस' असं लिहिलेला कागद हवा. त्यावर चार गोष्टी पाहा : तुमचा जीएसटी नंबर आहे का, तो नंबर नेमका याच व्यवसायाचा आहे का, माल कुठल्या राज्यात पोचवल्याचं लिहिलंय, आणि कर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा) म्हणून लागलाय की सीजीएसटी-एसजीएसटी (एकाच राज्यातल्या विक्रीवर केंद्राचा आणि राज्याचा) म्हणून.

बिलावर तुमचा नंबरच नाही

सर्वांत जास्त आढळणारं कारण हेच. मोबाईलवरच्या ॲपमधून घरच्या खात्यावर ऑर्डर जाते, पैसे भरताना 'जीएसटी इनव्हॉइस हवं' हा पर्याय निवडायचा राहतो, आणि विक्रेत्याच्या दृष्टीने तुम्ही साधे ग्राहक ठरता. अशी विक्री तो आपल्या जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीच्या विवरणात) किरकोळ विक्रीच्या एकत्रित आकड्यात टाकतो. त्या आकड्यात तुमचं नाव कुठेच नसतं, त्यामुळे ती तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये (विक्रेत्यांच्या विवरणांवरून पोर्टलवर तयार होणाऱ्या तुमच्या क्रेडिटच्या यादीत) येण्याची वाटच उरत नाही. १ जानेवारी २०२२ पासून २बी मध्ये आलेलं बिलच क्रेडिटला चालतं. त्याआधी बिल हातात असलं तर थोडीफार सवलत होती, ती आता नाही. बिलावर पेनाने नंबर लिहून किंवा दुकानाचा शिक्का मारूनही काही साधत नाही.

यावर खात्रीचा उपाय एकच : परत करण्याची मुदत असेल तर वस्तू परत करा आणि नंबर टाकून नव्याने मागवा. पण ही मुदत बहुधा आठ-दहा दिवसांची असते, काही इलेक्ट्रॉनिक वस्तूंना तर फक्त बदलून मिळते. २बी मात्र पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं. म्हणजे 'महिन्याच्या शेवटी सगळी बिलं अकाउंटंटकडे देऊ' ही आपली जुनी सवय ऑनलाइन खरेदीत नडते. अकाउंटंटच्या लक्षात येईपर्यंत दार बंद झालेलं असतं. ज्या दिवशी पार्सल येईल त्याच दिवशी बिल उघडून नंबर पाहा. पाच मिनिटांचं काम आहे.

मुदत उलटली असली तर विक्रेत्याला लेखी विनंती करता येते. ती विक्री किरकोळ आकड्यातून वजा करून तुमच्या नंबरवर दाखवण्याची दुरुस्ती त्याला कायद्याने करता येते. पण मोठ्या खरेदी-पोर्टलवरचे विक्रेते सहसा ऐकत नाहीत. 'ऑर्डरनंतर जीएसटी नंबर जोडता येत नाही' असं त्यांचं ठरलेलं उत्तर येतं. रक्कम मोठी असेल तर एका नकारावर थांबू नका. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार प्रत्येक पोर्टलला तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर द्यावाच लागतो, आणि त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. हे नियम मुळात ग्राहकांसाठी आहेत. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला कायदा ग्राहक मानतो, मोठ्या कंपनीला मात्र हा आधार घेता येत नाही.

नंबर आहे, पण दुसऱ्याच कुणाचा

एकाच घरात वडिलांचं किराणा दुकान, मुलाची एजन्सी आणि सुनेचं बुटीक असं आपल्याकडे सर्रास असतं. ॲपमध्ये पहिल्यांदा जो नंबर साठवला तोच पुढे प्रत्येक ऑर्डरला लागतो. नंबर खरा असतो, म्हणून पोर्टल अडवत नाही, आणि बुटीकच्या शिलाई मशीनचं क्रेडिट वडिलांच्या २बी मध्ये जाऊन बसतं. ते वडिलांनी वापरायचं नाही. वस्तू त्यांच्या व्यवसायाची नाही, आणि उद्या नोटीस आली तर व्याजासकट भरावं लागतं.

ही चूक दुरुस्त होते. विक्रेता पुढच्या जीएसटीआर-१ मध्ये त्या बिलाची दुरुस्ती करून नंबर बदलू शकतो. त्याला ऑर्डर क्रमांक, बिल क्रमांक, तारीख, चुकीचा नंबर, बरोबर नंबर आणि नोंदणी प्रमाणपत्राची प्रत हे सगळं एकाच मेलमध्ये पाठवा. अर्धी माहिती आज, अर्धी उद्या असं झालं की ती तक्रार मागे पडते.

आता आपल्या भागाचा खास घोळ

वरच्या गोष्टी पुण्यात किंवा हुबळीतही घडतात. पुढची भानगड मात्र सीमेवरच्या माणसाच्या वाट्याला जास्त येते, आणि बाहेरगावच्या कस्टमर केअरला ती समजावून सांगताना जीव जातो.

आपल्यापैकी कित्येकांचं घर कर्नाटकातल्या बेळगावात आणि शेड महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात शिनोळीला आहे. कुणाचं दुकान निपाणीत आणि गोडाऊन कागलला, कुणाचा धंदा संकेश्वरात आणि भाऊ गडहिंग्लजला. रोजच्या जगण्यात ही सीमा जाणवत नाही. जीएसटीला मात्र ती पक्की दिसते. कर्नाटकातला नंबर २९ ने सुरू होतो, महाराष्ट्रातला २७ ने. पुढचे दहा अंक-अक्षरं म्हणजे तुमचा पॅन, तो दोन्हीकडे तोच. तरी कायद्याच्या नजरेत ही दोन वेगळी माणसं आहेत आणि एकाचं क्रेडिट दुसऱ्याला वापरता येत नाही.

समजा तुमचं दुकान बेळगावच्या मारुती गल्लीत आहे, नंबर २९ चा. मोठं मशीन आहे, टेम्पो थेट शेडपर्यंत जाईल म्हणून तुम्ही डिलिव्हरीचा पत्ता शिनोळीचा दिला, नंबर दुकानाचा टाकला. विक्रेत्याचं गोडाऊन भिवंडीला. माल महाराष्ट्रातून निघून महाराष्ट्रातच पोचला, म्हणून बिलात सीजीएसटी आणि महाराष्ट्राचा एसजीएसटी लागला. बिल २बी मध्ये येतं, पण 'आयटीसी नॉट अव्हेलेबल' (क्रेडिट उपलब्ध नाही) या भागात. विक्रेत्याचं राज्य आणि पुरवठ्याचं ठिकाण एकच, पण घेणाऱ्याचं राज्य वेगळं, असं कारण तिथे लिहिलेलं असतं. महाराष्ट्राला गेलेला कर कर्नाटकातल्या नोंदणीला परत मिळत नाही, आणि सोबतचा सीजीएसटीही जातो.

उलट बाजूनेही हेच होतं, आणि ते अधिक वेळा होतं. युनिट शिनोळीला, नंबर २७ चा, पण मालक बेळगावच्या टिळकवाडीत राहतो. लॅपटॉप घरी मागवतो, कारण घरी कुणीतरी असतं. विक्रेता बेंगळुरूचा. बिलात कर्नाटकचा एसजीएसटी लागतो आणि २७ च्या नंबरला क्रेडिट मिळत नाही.

गंमत अशी की तोच लॅपटॉप भिवंडीच्या विक्रेत्याने त्याच घरी पाठवला असता तर आयजीएसटी लागला असता आणि २बी ने या कारणाने अडवलं नसतं. म्हणून 'मागच्या वेळी असंच मागवलं होतं, तेव्हा क्रेडिट आलं' असं लोक म्हणतात तेव्हा ते खरंच बोलत असतात. एका वस्तूला पोर्टलवर अनेक विक्रेते असतात, माल कुठल्या गोडाऊनमधून निघेल हे तुमच्या हातात नसतं. तुमच्या हातात असतो तो डिलिव्हरीचा पत्ता. तेव्हा पिन ५९० किंवा ५९१ ने सुरू होणारा असेल तर २९ चा नंबर, ४१६ ने सुरू होणारा असेल तर २७ चा. ही जोडी जुळली की विक्रेता कुठलाही असो : त्याच राज्यातला असेल तर सीजीएसटी-एसजीएसटी लागेल, बाहेरचा असेल तर आयजीएसटी, आणि दोन्ही तुम्हाला चालतील.

डिलिव्हरी कर्नाटकातल्या पत्त्यावर घेतली आणि मशीन तात्पुरतं पलीकडे न्यायचं असेल तर डिलिव्हरी चलान (विक्री नसताना माल नेतानाचा कागद) करा. मालाची किंमत ५०,००० रुपयांवर असेल तर राज्याबाहेर नेताना ई-वे बिलही (माल वाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा कागद) लागतं. अंतर दहा-पंधरा किलोमीटर असलं तरी सीमा ओलांडली की आंतरराज्य वाहतूक झाली. 'माझंच मशीन, माझ्याच टेम्पोत' हे उत्तर रस्त्यावरच्या तपासणीत पुरत नाही.

ज्यांच्याकडे २७ आणि २९ असे दोन्ही नंबर आहेत त्यांना आणखी एक सरळ मार्ग आहे. बिल चुकून २९ वर आलं पण माल शिनोळीला गेला असेल, तर विक्रेत्याकडून नंबर बदलून २७ करून घ्या. पुढे मशीन कायमचं बेळगावच्या युनिटला न्यायचं ठरलं तर २७ च्या नंबरवरून २९ ला आयजीएसटी लावून बिल करा. स्वतःच स्वतःला बिल करणं विचित्र वाटेल, पण एका पॅनवरच्या दोन नोंदण्यांमध्ये मोबदला न घेता माल हलवला तरी तो पुरवठा धरला जातो. २७ ला विकत घेतानाचं क्रेडिट मिळतं, ते या आयजीएसटीला वापरता येतं, आणि २९ ला नवं क्रेडिट मिळतं.

कायद्यात बिल एकाला आणि माल तिसऱ्याला अशा व्यवहारासाठी वेगळी तरतूद आहे, आयजीएसटी कायद्याचं कलम १०(१)(ब). बेळगावच्या व्यापाऱ्याने भिवंडीच्या विक्रेत्याला ऑर्डर दिली आणि माल थेट कोल्हापुरातल्या त्याच्या गिऱ्हाइकाला पाठवायला सांगितला, तर पुरवठ्याचं ठिकाण त्या व्यापाऱ्याचं मुख्य ठिकाण, म्हणजे बेळगाव धरायचं असतं आणि आयजीएसटी लागायला हवा. इथे माल घेणारा खरोखर दुसरा माणूस असतो. आपल्याच मशीनसाठी, आपल्याच नावाने पलीकडचा पत्ता दिला तर या तरतुदीवर विसंबू नका. आणि पोर्टलवरचा हिशेब बहुधा डिलिव्हरीच्या पिनवरूनच होतो, त्यामुळे असा व्यवहार ऑनलाइन करण्यापेक्षा विक्रेत्याशी बोलून, लेखी ऑर्डर देऊन करावा.

बिलात सगळं बरोबर, तरी २बी मध्ये नाही

इथे घाई करू नका, बऱ्याचदा फक्त थांबावं लागतं. मासिक विक्रेता जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरतो. तिमाही भरणारा छोटा विक्रेता असेल तर एप्रिलचं बिल जुलैमध्ये दिसू शकतं, कारण मधल्या महिन्यांत बिलं चढवणं त्याला ऐच्छिक आहे. जीएसटी पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेयर' मध्ये विक्रेत्याचा नंबर टाकला की तो मासिक आहे की तिमाही, आणि मागची रिटर्न कधी भरली, हे लॉगिन करून दिसतं. महागडं मशीन घेण्याआधीच हे पाहावं असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. दोनशे रुपये स्वस्त देणारा विक्रेता रिटर्नच भरत नसेल तर तो स्वस्त नाही.

१४ ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर इनव्हॉइस मॅनेजमेंट सिस्टीम, म्हणजे आयएमएस आहे. विक्रेत्याने बिल नुसतं सेव्ह केलं तरी ते तिथे दिसू लागतं, २बी ची वाट पाहावी लागत नाही. तिथे काहीच केलं नाही तर बिल आपोआप स्वीकारल्याचं धरतात. पण ओळखीचं नाव दिसलं नाही म्हणून कुणी 'रिजेक्ट' दाबलं, तर क्रेडिट २बी मधून बाहेर पडतं. पोर्टलचं दुकानाचं नाव एक आणि विक्रेत्या कंपनीचं नोंदणीकृत नाव भलतंच, हे ऑनलाइन खरेदीत कायम असतं. तेव्हा रिजेक्ट करण्याआधी बिल क्रमांक आणि रक्कम पडताळा. चुकून दाबलं असेल तर त्या महिन्याचं जीएसटीआर-३बी (कर भरण्याचं विवरण) भरण्यापूर्वी निर्णय बदलून २बी पुन्हा काढता येतं.

माल दोन-तीन खोक्यांत वेगवेगळ्या दिवशी येणार असेल आणि बिल एकच असेल, तर शेवटचं खोकं आल्यावरच क्रेडिट घ्यायचं. मशीन आलं पण मोटर यायची आहे, अशा वेळी हे लक्षात ठेवा. हप्त्यांवर घेतलं असेल तर मात्र काळजी नको. कार्डाच्या हप्त्यात विक्रेत्याला पूर्ण पैसे आधीच मिळालेले असतात, क्रेडिट एकदम पूर्ण मिळतं.

शेवटची मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरची, किंवा त्याआधी वार्षिक विवरण भरलं तर त्या दिवसाची. २०२५-२६ मधल्या बिलाला ३० नोव्हेंबर २०२६. विक्रेत्याकडून दुरुस्ती करून घ्यायलाही हीच तारीख आडवी येते, म्हणून गणपती-दिवाळीच्या गडबडीआधी जुनी बिलं निपटून घ्या.

ज्यांना हे क्रेडिट मिळतच नाही

कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यावसायिकांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याच्या योजनेत) असाल तर कितीही अचूक बिल असलं तरी क्रेडिट नाही. नोंदणीच नसेल तरी नाही. इथे एक बारकावा फार कमी जणांना माहीत असतो. नव्याने नोंदणी केली की आदल्या दिवशी हातात असलेल्या कच्च्या आणि तयार मालावरचं क्रेडिट घेता येतं, पण मशीनवरचं नाही. वडगाव, खासबागला नवा धंदा सुरू करणाऱ्या कित्येकांनी आधी मशीन मागवलं आणि मग नोंदणीला धावले, असं दिसतं. क्रम उलटा करा, नंबर आधी, मशीन नंतर. कंपोझिशनमधून नेहमीच्या पद्धतीत येणाऱ्याला मात्र जुन्या मशीनचंही क्रेडिट मिळतं, बिलाच्या तारखेपासून प्रत्येक तिमाहीला पाच टक्के वजा करून.

आयकराचा एक धागाही इथे जोडलेला आहे. मशीनची किंमत वह्यांत करासकट ५९,००० लिहून त्यावर घसारा घेतला, तर त्या ९,००० वर जीएसटीचं क्रेडिट घेता येत नाही. मालमत्ता ५०,००० ला चढवा आणि ९,००० क्रेडिटच्या खात्यात ठेवा. आयकराचे आणि जीएसटीचे कागद वेगवेगळ्या माणसांकडे असतील तर दोघांना हे एकत्र सांगा.

"पैसे बँकेत कधी येणार?" असंही विचारलं जातं. सहसा येत नाहीत. क्रेडिट जीएसटी पोर्टलवरच्या खात्यात जमा होतं आणि पुढच्या विक्रीवरच्या करातून वळतं. निर्यात करणाऱ्या किंवा विक्रीपेक्षा खरेदीवर जास्त दराने कर भरणाऱ्या कारखानदारांना रोख परतावा मागता येतो. पण जमा राहिलेल्या क्रेडिटच्या त्या सूत्रात मशीनवरचं क्रेडिट धरत नाहीत, फक्त मालावरचं (आणि निर्यातीत सेवांवरचंही) धरतात. मच्छेच्या किंवा उद्यमबागेतल्या निर्यातदार फाउंड्रीने महागडं यंत्र घेताना हा हिशेब आधी करावा. ते क्रेडिट देशातल्या विक्रीवर वापरता येईल का, आणि किती महिन्यांत, हे पाहून खरेदीची वेळ ठरवता येते.

आणि तेच मशीन पुढे विकायला काढलं, तर त्यावेळी पुन्हा हिशेब लागतो. घेतलेल्या क्रेडिटमधून वापरलेल्या प्रत्येक तिमाहीचे पाच टक्के वजा करून उरलेली रक्कम, किंवा विक्रीच्या किमतीवरचा कर, यात जे जास्त असेल ते भरावं लागतं. त्यासाठी मूळ बिल लागतं. खरेदी-पोर्टलवरचं खातं बंद झालं किंवा मोबाईल बदलला की जुनी बिलं मिळणं कठीण होतं, म्हणून प्रत्येक मशीनचं बिल छापून त्या मशीनच्या वॉरंटी कार्डाबरोबरच फाईलला लावा.